छबीची पाठ

१

सम्राटांच्या छबीवरचा लाल पडदा पांगबाईंनी बाजूला केला आणि त्यांच्या तोंडून किंकाळी निघाली. पांगबाई राजवाड्यातल्या जुन्या मानकरीण. पायाशी साप आला तरी त्यांचा अंबाडा हलत नाही, अशी त्यांची ख्याती. त्या ओरडल्या म्हणजे काहीतरी भयंकर घडलं होतं.

छबीचा चेहरा काळा पडला होता.

डोळे, भुवया, दाढीचा केस न् केस जिथल्या तिथे होता. पिवळा अंगरखा झगझगत होता. पण कपाळ, नाक आणि दोन्ही गाल तव्याच्या बुडासारखे झाले होते. काल दुपारी पडदा टाकला तेव्हा हाच चेहरा इतका जिवंत होता, की मी स्वतः नकळत मान खाली घातली होती.

"मी सांगत होतो," माझ्यामागून प्यो गुरुजी म्हणाले. "राजाच्या चेहऱ्यावर सावली काढू नका. आता सावलीच उरली."

प्यो सहासष्ट वर्षांचे, राजघराण्याचे थोरले चित्रकार. त्यांच्या सहा पिढ्यांनी राजे रंगवले. या खेपेला मात्र चेहरा रंगवायचं काम त्यांना मिळालं नव्हतं. सम्राटांनी फोटो काढून घेतला होता, आणि चेहरा त्या फोटोवरहुकूम, परदेशी पद्धतीने, नाकाच्या कडेला सावली दाखवून काढायचा असं ठरलं होतं. ते काम मिळालं तक युनगिल नावाच्या चित्रकाराला. वय सत्तावीस. दोन वर्षं एका फिरत्या परदेशी चित्रकाराचे रंग घोटून त्याने ही विद्या मिळवली होती. परदेशी दुकानातून आणलेला पांढरा रंगही त्याने चेहऱ्याला वापरला होता.

तर चेहरा कुणामुळे नासला, हे ठरवायला कुणाला पळभरही वेळ लागला नाही. छबीचा सगळा कारभार पाहणारे नामगुंग साहेब आले, त्यांनी एकदा चेहऱ्याकडे आणि एकदा युनगिलकडे पाहिलं आणि शिपायांना खूण केली.

"परदेशी रंग सडला," ते म्हणाले. "शंभर फटके आणि दक्षिणेच्या बेटावर जन्माची हद्दपारी. सूर्य मावळताना माझा अहवाल आत जाईल."

युनगिल माझा जावई. माझ्या इप्पुनशी त्याचं लग्न होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं.

"सूर्य मावळेपर्यंत मला द्या, साहेब," मी म्हणालो.

"तू कोण?"

"मेंग. चित्रं मढवणारा. मागून कागद चिकटवतो मी."

"मग चिकटव जाऊन."

"जग चित्राचं तोंड बघतं, साहेब. मी चाळीस वर्षं पाठ बघत आलोय. आज या छबीची पाठ अजून कुणी बघितलेली नाही."

२

छबीच्या मागे जायचं तर आधी चार वेळा जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार करावा लागतो. माझे गुडघे आता त्याला नाखूश असतात, पण त्या दिवशी त्यांना विचारतो कोण!

रेशीम लाकडी चौकटीवर ताणलेलं होतं. आमच्याकडे चेहऱ्याचा मुख्य पांढरा रंग समोरून लावतच नाहीत, पाठीमागून लावतात. तो रेशमातून झिरपून पुढे दिसतो, म्हणून कातडी आतून उजळल्यासारखी वाटते. समोरून फक्त पातळ हात फिरवायचे. या छबीचं समोरचं काम युनगिलचं होतं, पाठीचं प्यो गुरुजींचं. पाठीला त्यांनी आपला जुना शिशाचा पांढरा वापरला होता, त्यांच्या आज्याने वापरला तोच.

मी पाहिलं. काळं पाठीमागून लागलं होतं. समोर दिसत होती ती फक्त त्याची झाक. चेहऱ्याच्या कडेपर्यंत ते नेमकं जाऊन थांबलं होतं, कुठे थेंबभर बाहेर नाही. खाली गळपट्टीची पाठ तशीच दुधासारखी पांढरी होती, आणि तीही त्याच शिशाच्या पांढऱ्याने भरलेली.

मी नाक जवळ नेलं. दहा-दहा वर्षं कुजवलेली खळ वापरून माझं नाक मेलंय असं माझी बायको म्हणते. खरं म्हणजे ते तयार झालंय. कुठली सड कुठली, ते मला बरोबर कळतं. ही खळ नव्हती आणि सरसही नव्हता. नासक्या अंड्याचा वास होता.

मग चौकटीच्या पायाशी, चटईच्या फटीत, काहीतरी पांढरं दिसलं. तुतीच्या कागदाची बोटभर पट्टी होती. तिची घडी घातलेली होती, मधोमध दातांच्या खुणा होत्या आणि तिलाही तोच नासका वास येत होता. ती मी उचलली, निरखली आणि बटव्यात टाकली. कुणाला काही बोललो नाही.

बोलायची छातीच झाली नाही.

३

छबीघराला लागूनच फोटोवाल्या ओकची अंधारखोली. ओक चाळिशीचा, शांघायला जाऊन धंदा शिकून आलेला. त्याची जीभ कधी थांबत नाही, तोंडात घास असतानासुद्धा.

"या, मेंगकाका! मला पकडायला आलात ना? मला माहितीच होतं. जावई वाचवायचा तर कुणाचा तरी बळी हवाच. फोटोवाल्याला ना घर ना घराणं!"

"नासक्या अंड्याचा वास कशाचा असतो रे तुझ्याकडे?"

मग त्याने फळीवरची तपकिरी बाटली काढली. फोटोला तांबूस रंग आणायचं औषध होतं ते.

"ही. पण हिला झाकण असतं. ते एकदाच उघडं राहिलं, उन्हाळ्यात. गुरुजींची पांढऱ्या रंगाची वाटी शेजारी होती, ती काळी ठिक्कर पडली. केवढा तमाशा केला त्यांनी! म्हणाले, तुझं विलायती विष माझ्या सहा पिढ्यांच्या रंगाला बाटवतं. युनगिल होता, मी होतो, पांगबाई होत्या. सगळ्यांनी ऐकलंय."

म्हणजे बाटली काय करते, हे चौघांनाही ठाऊक होतं.

मी दोन बशा मागवल्या. एकीत जुना शिशाचा पांढरा घातला, दुसरीत युनगिलचा परदेशी पांढरा. दोन्हींवर बाटलीतला थेंब थेंब टाकला. जुना पांढरा बघता बघता काळा झाला. परदेशी पांढरा तसाच राहिला, नव्या नवरीच्या पायमोज्यासारखा स्वच्छ.

"बघितलंस? परदेशी रंग सडलाच नाही. सडला तो आपला."

"मग वाफेनेच झालं असेल," ओक घाबरून म्हणाला. "माझ्या खोलीतून वाफ गेली असेल. मेंगकाका, मी मेलो!"

"वाफेला चेहरा आणि गळपट्टी यातला फरक कळतो का? वाफ गेली असती तर गळपट्टीही काळी पडली असती. हे कुणीतरी कुंचल्याने लावलंय. कड न ओलांडता."

ओकने बाटली उजेडात धरली. "परवा गळ्यापर्यंत भरली होती. आता बघा, चार बोटं कमी."

"आणि हे काळं परत पांढरं करणारं काही आहे का तुझ्याकडे?"

मग खालच्या फळीवरून त्याने एक निळी बाटली काढली. फोटोतलं उरलंसुरलं औषध मारायचं पाणी होतं. त्यातला एक थेंब त्याने काळ्या बशीवर टाकला. आम्ही दोघं डोळे फाडून बघत राहिलो. काळ्यात हळूहळू एक पांढरं वर्तुळ उमलायला लागलं.

४

पांगबाई दालनाच्या दाराशी बसल्या होत्या. काल दुपारपासून आज सकाळपर्यंत किल्ली त्यांच्या कमरेला होती, आणि आता त्यांचीही मान कात्रीत होती.

"कोण कोण आत गेलं, बाई?"

"तिघं. आधी तुमचा जावई. वाट्या आणि कुंचले न्यायला. आत जाऊन तीनदा शिंकला. मग तो बडबड्या ओक, कॅमेऱ्याची तिवई न्यायला. शीळ घालत होता मेला, छबीसमोर! मी दारातून दटावलं. शेवटी गुरुजी."

"ते कशाला?"

"नमस्काराला. मोकळ्या हाताने गेले. म्हणजे, हात बाह्यांत होते." आमच्याकडच्या बाह्या इतक्या रुंद, की आत कोंबडं जाईल. बाटली आणि कुंचला जायला कितीसा वेळ लागतो!

"किती वेळ होते?"

"भात शिजेपर्यंत. म्हाताऱ्या माणसाला उठायला वेळ लागतो. मी बाहेरून विचारलंसुद्धा, गुरुजी, करपलेल्या भाताचं गरम पाणी आणू का, घसा ओला करायला?"

"काय म्हणाले?"

"काही नाही. नुसतं 'हं' केलं. दोनदा विचारलं, दोनदा 'हं'. एरवी किती गोड बोलतात माझ्याशी! मला रागच आला."

मला राग आला नाही. बटव्यातली पट्टी मात्र दगडासारखी जड झाली.

"बाई, गुरुजी आत होते तेव्हा काही वास आला?"

"तुमच्याच खळीचा आला असेल म्हणून मी नाकाला पदर लावला," त्या म्हणाल्या.

५

दुपारी घरी गेलो. अंगणात इप्पुन हिवाळ्याच्या किमचीसाठी, आमच्या आंबट लोणच्यासाठी, कोबीला मीठ लावत होती. कोपरापर्यंत हात लाल झाले होते. ती रडत नव्हती. आमच्या घरात रडायचं काम माझं.

"बाबा, काही लागलं हाताला?"

"लागलंय. आवडलं नाही मला ते."

"आवडायचं काय त्यात?" तिने कोबीचा गड्डा खाडकन दोन केला. "मी त्यांच्या वाट्याचे वीस गड्डेही खारवलेत. हिवाळ्यात ते इथेच जेवणार आहेत असं धरून. आता ते वाया घालवू नका."

मी न जेवताच उठलो आणि प्यो गुरुजींकडे गेलो. बाहेरच्यांना ते गुरुजी, मला दादा. मी अठरा वर्षांचा असताना माझ्या हातातून खळीचं भांडं पडलं होतं, एका राजाच्या छबीपासून हातभर अंतरावर. दादांनी तो गुन्हा अंगावर घेऊन माझ्याऐवजी वीस फटके खाल्ले होते. त्या वर्षीच त्यांनी मला शिकवलं होतं की राजाच्या चेहऱ्याजवळ काम करताना तोंडात तुतीच्या कागदाची पट्टी धरायची. आपला श्वास आणि थुंकी त्या चेहऱ्याला लागू नये म्हणून. पट्टीला तीन घड्या घालायच्या आणि एक कोपरा आत मुडपायचा. नव्या पिढीत हे कुणी करत नाही. मला माहीत असलेली अशी घडी घालणारी माणसं जगात दोनच उरली होती.

दादा ओसरीवर कुंचले धूत होते.

"दादा, काल छबीमागे गेला होतात?"

"मागे? समोरून नमस्कार केला आणि आलो."

"युनगिलला बेटावर पाठवतायत."

"तरुण आहे. मासे खाईल, तगेल." त्यांनी वर पाहिलं नाही. "मेंग, चेहऱ्यावर सावली म्हणजे मळ. आपण मळ पुसतो की रंगवतो?"

"तुमच्या पाठीच्या रंगावरच ती सावली उभी होती, दादा. दोन्ही मिळून काय दिसत होतं, बघितलं होतंत ना तुम्ही?"

कुंचला पाण्यात थांबला.

"मी समोरून बघितलंच नाही," ते म्हणाले. "मला पाठ दिली होती."

६

सूर्य पश्चिमेच्या वकिलातींच्या छपरांवर टेकला तेव्हा सगळे छबीघरात जमले होते. नामगुंग साहेबांच्या हातात गुंडाळलेला अहवाल होता. युनगिलला दोऱ्या सोडून आणलं होतं. मनगटं सुजली होती, पण मान ताठ होती.

मी दोन्ही बशा साहेबांपुढे ठेवल्या आणि दिवसभराचं सगळं सांगितलं. परदेशी रंग निर्दोष कसा, काळं पाठीमागून कसं लागलं, गळपट्टी पांढरी असल्यामुळे ते कुंचल्याचंच काम कसं ठरतं. साहेबांनी भुवई उचलली.

"तुझा जावई मागे जाऊ शकत नव्हता का?"

"जाऊ शकत होता. तिघंही जाऊ शकत होते. म्हणून आधी डाग काढू या. छबी न्यायची पालखी उद्या निघायचीय. ज्याचा हात सर्वांत हलका, त्याने हे काम करावं. तिघांना एक-एक कोपरा करून बघू दे."

चौकटीमागच्या चौरंगावर मी निळ्या बाटलीतलं पाणी, तीन कुंचले, कापूस आणि तुतीच्या कागदाची चळत ठेवली होती. चौरंग सगळ्यांना दिसेल असा बाजूला ओढला.

आधी ओक गेला. नमस्कार उरकला आणि कुंचला घेऊन लागलीच बडबडायला लागला. "असं बघा, साहेब, जोर द्यायचा नाही, नुसतं टिपायचं..." त्याच्या तोंडचे तुषार उडताना बघून पांगबाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी त्याला हाकललं.

मग युनगिल गेला. नमस्कार केला आणि परदेशी पद्धतीने हात लांब करून, दोन पावलं मागे उभा राहून कपाळाची कड टिपली. श्वास घ्यायला मान वळवली. शिंक आली तेव्हा दोन हात मागे धावला. सुजलेल्या हाताला त्यापुढे जमेना.

"प्यो गुरुजी," मी म्हणालो. मला दादा म्हणवेना.

ते उठले. चार नमस्कार घातले, एकही कमी नाही. बाह्या वर बांधल्या. डोळे चेहऱ्यावरच होते, कुठून सुरुवात करायची ते शोधत. हात मात्र आपला आपण चळतीकडे गेला, वरची पट्टी उचलली, तीन घड्या घातल्या, एक कोपरा आत मुडपला आणि पट्टी दातांत धरली.

मी बटवा उघडला आणि सकाळची पट्टी साहेबांपुढे चटईवर ठेवली. तीन घड्या होत्या आणि कोपरा आत मुडपलेला होता.

"ही सकाळी छबीमागे सापडली, साहेब. अजून तिला त्या तपकिरी बाटलीचाच वास आहे. मढवणाऱ्याने अजून पाठीला हात लावलेला नाही, म्हणजे माझी नव्हे. ओक तोंड बंद ठेवू शकत नाही. युनगिल मान वळवून श्वास घेतो. कुणीतरी राजाचा चेहरा काळा करायला गेला, पण आपला श्वास त्या चेहऱ्याला लागू नये म्हणून कागद धरून गेला. पांगबाईंनी बाहेरून विचारलं तेव्हा त्याला 'हं' याखेरीज काही म्हणता आलं नाही."

शिपाई पुढे सरकले, तेव्हा साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं, कारण प्यो गुरुजी काम करत होते.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं होतं. पट्टी थुंकून बोलता आलं असतं, पण त्यांनी ती दातांतून काढली नाही. कुंचला बुडवला आणि कपाळापासून सुरुवात केली. टिपायचं, थांबायचं, कापसाने ओल उचलायची, परत टिपायचं. आम्ही समोरून बघत होतो. आधी कपाळ उजळलं, मग नाक, मग एकेक गाल. पांगबाईंनी दिवे लावले. शेवटचा काळा ठिपका हनुवटीवरून गेला आणि सम्राट परत आमच्याकडे बघायला लागले. नाकाच्या कडेची सावलीही होती तिथेच.

मग गुरुजींनी पट्टी तोंडातून काढली.

"मीच केलं," ते म्हणाले. "त्या पोराला घरी जाऊ द्या."

"का?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवेना.

"सहा पिढ्या आम्ही राजाच्या डोळ्यांत बघून राजा काढला. यांनी फोटोच्या डबीतून काढलेला कागद पुढ्यात ठेवला आणि मला म्हणाले, तुम्ही पाठ भरा. पाठ कोण बघतं? वाटलं, एकदा दिसू दे पाठीत काय असतं ते. पोराला फटके बसतील हे नंतर कळलं. कळल्यावर गप्प बसलो, हे खरं पाप."

"मी बघतो," मी म्हणालो. "पाठ मी बघतो, दादा. चाळीस वर्षं तुमचीच बघतोय."

युनगिल पुढे झाला, त्यांचा दंड धरला आणि त्यांना चौकटीला वळसा घालून समोर आणलं. म्हातारा बराच वेळ बघत राहिला.

"तुमचा पांढरा मागे होता म्हणून माझी सावली सावली दिसली, गुरुजी," युनगिल म्हणाला. "नाहीतर मळच दिसला असता. तुम्हाला बोलावून दाखवायला हवं होतं. मला वाटलं, तुम्ही शिव्या द्याल."

"दिल्या असत्या," गुरुजी म्हणाले. "डाव्या नाकपुडीपाशी जरा जास्त झालीय." त्यांनी डोळे पुसले. "पण चेहरा त्यांचाच आहे."

साहेबांनी जुना अहवाल दिव्यावर धरला आणि नवा लिहायला बसले. छबी पूर्ववत झाली, गुन्हेगाराने स्वतः दुरुस्त केली, असं त्यांनी आधी लिहिलं. फटके लिहिले नाहीत. बेट मात्र लिहावंच लागलं.

दारात शिपायांच्या मधे उभे राहून दादांनी मागे वळून पाहिलं.

"मेंग, कधी ओळखलंस?"

"सकाळीच. पट्टी हातात घेतली तेव्हा."

"मग दिवसभर वणवण कशाला केलीस?"

"दुसरं कुणीतरी निघेल म्हणून, दादा."

त्यांनी मान हलवली आणि पायात जोडे घातले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तोंडात पट्टी धरून छबीच्या पाठीला कागद चिकटवला, आणि पालखी वेळेवर निघाली. इप्पुनच्या खारवलेल्या गड्ड्यांतली एक बरणी आम्ही त्याच आठवड्यात दक्षिणेच्या बोटीवर चढवली.